शुक्रवारी गप्प बसणारा डबा

लगीनसराई आली हे मला पत्रिकेवरून कळत नाही. भर दुपारी दुकानातली ट्यूब डोळे मिचकावायला लागली, की मी समजते, कुठेतरी मांडव पडला. आठवडाभरात जळके ॲम्प्लिफायर यायला लागतात. कुणाच्या बटणांवर हळदीची बोटं उमटलेली, कुणाच्या जाळीत अक्षता अडकलेल्या. एकदा झाकण उघडलं तर आतून झेंडूच्या पाकळ्या निघाल्या. आणणारा प्रत्येक जण तेच सांगतो, "काय केलं नाय ताई, आपोआप बंद पडला." मी मान डोलावते आणि यंत्राचा वास घेते. सांडलेल्या बिअरचा वास जळक्या वार्निशखालूनही येतो. आपोआप बंद पडलेलं यंत्र मी अजून पाहिलेलं नाही.

माझा स्वभाव संशयी आहे आणि तो मी लपवत नाही. नवरा म्हणतो, "हिला देवाचा प्रसाद दिला तरी ही उलटा करून बघते." बघतेच. भिवंडीत लूमच्या गल्लीत बसून इन्व्हर्टर आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या बाईने संशय सोडला, तर तिला दुकानही सोडावं लागेल.

माझ्या टेबलाच्या कोपऱ्यात एका लाकडी पाटीवर साधा पिवळा दिवा बसवलेला आहे. आमच्या धंद्यात त्याला सिरीज दिवा म्हणतात. नवी जोडलेली कुठलीही वस्तू थेट विजेला लावायची नाही. वीज आधी या दिव्यातून जाते, मग वस्तूत. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा भगभगून पेटतो आणि वस्तू वाचते. सगळं नीट असेल तर तो जरासा लाल होतो आणि मावळतो. आयटीआयमध्ये हे शिकले तेव्हापासून मला वाटत आलं आहे, की माणसांसाठीही असा एक दिवा मिळाला असता तर फार बरं झालं असतं.

यंदाही ट्यूब मिचकावायला लागली, तशी मला काही वर्षांपूर्वीची ती लगीनसराई आठवली. खरं तर ती मी विसरलेच नव्हते. ती आठवली की मला दोन वास येतात, तापलेल्या कथिलाचा आणि ओल्या हळदीचा, आणि त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी द्वारकाआत्या बसलेली दिसते.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. कशेळीला दिलेली. ती धवलारीण. आमच्या आगरी लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. मांडवाच्या मेढीपासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं, ते म्हणजे धवला. ती गणपतीला बोलावते, गावदेवीला बोलावते, खाडीला बोलावते, घरातल्या मेलेल्या माणसांना नावं घेऊन बोलावते, आणि मगच नवरीच्या अंगाला हळद लागते. आत्याला वाटायचं, तिच्यामागे हे मी उचलावं. मी उचलली सोल्डरिंग आयर्न. माझा गळा पत्र्यासारखा आहे हे तिला ठाऊक होतं, तरी तिने ते कधी मान्य केलं नाही.

त्या आधीच्या वर्षी गावातल्या एका हळदीत तिच्यापुढे माइक ठेवला होता. साउंड तिच्याच नातवाची, नितेशची. आठ-आठ फुटी भिंतीएवढे स्पीकर, त्यावर फिरणारे दिवे. आत्याने पहिली ओळ घेतली आणि तिच्या आवाजाखालून असा काही घर्रर्र आवाज निघाला, की पोरं हसली. नितेश तारा हलवत बसला. तेवढ्यात मागच्या कुणीतरी नाचायचं गाणं लावून दिलं. आत्या उठली, पदर सारखा केला आणि घरी गेली. त्यानंतर तिने कुणाच्याही मांडवात तोंड उघडलं नाही. बोलावणी आली की सांगायची, "गला बसलाय." तिचा गळा बसलेला नव्हता. दुपारी भाकऱ्या थापताना ती गुणगुणायची, हे मी स्वतः दाराबाहेर उभं राहून ऐकलं होतं.

आणि आता तिच्या घरातच लग्न निघालं, नितेशच्या बहिणीचं, पूर्वाचं. पूर्वा माझ्याकडे आली आणि म्हणाली, आजीच्या धवल्याशिवाय मला हळद लागल्यासारखी वाटणार नाही, काहीतरी कर. म्हणून मी कशेळीला गेले. आत्या ओट्यावर सुकट निवडत होती.

"मी माझ्या हातानी आवाजाचा डबा बनवते," मी म्हणाले. "फक्त तुझ्यासाठी. त्यातून तुझ्या आवाजाशिवाय काही येणार नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत जे होतं ते मी ओळखलं, कारण ते आमच्या माहेरचंच आहे.

"नितेशन पन असाच सांगितला व्हता," ती म्हणाली. "आयक वने, तुज्या डब्यान खरखर आली तं मी उठून जाईन. मंग पुन्ना मना कोनी बोलवाचा नाय. पूर्वाच्या पोरांच्या लग्नाला पन नाय."

एवढी एकच अट होती. एक घर्रर्र आला तर आमच्या घरातला धवला संपला.

ॲम्प्लिफायर जोडणं अवघड नसतं. अवघड असतो त्याच्या मागचा वीजपुरवठा. भिंतीतली वीज म्हणजे मळकं पाणी. ती गाळून, एका पातळीवर स्थिर ठेवून मगच आवाजाच्या भागाला पाजावी लागते. हे काम करणाऱ्या भागाला रेग्युलेटर म्हणतात. बाजारात तीन पायांची तयार चिप मिळते, लावली की झालं. मला ती चालत नाही. त्या काळ्या तुकड्यात आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर मी आत्याचा आवाज सोडणार नव्हते. मी सुटे ट्रान्झिस्टर घेऊन रेग्युलेटर बांधते. एक ट्रान्झिस्टर नळासारखा वीज सोडतो, दुसरा त्याच्यावर लक्ष ठेवतो, आणि एक छोटा झेनर त्या दुसऱ्याला सांगत राहतो की पातळी नेमकी किती हवी. सुट्या भागांचं सुख असं, की प्रत्येकावर वेगवेगळा संशय घेता येतो.

तो मी घेतला. मुंबईच्या बाजारातून ट्रान्झिस्टर आणले, आणि घरी येऊन त्यांच्यावरची छपाई लेकीच्या नेलपॉलिश रिमूव्हरने पुसून पाहिली. ज्यांची अक्षरं पुसली गेली ते बाजूला. उरलेल्यांतला एक पकडीने फोडला, आतला सिलिकॉनचा तुकडा केवढा आहे ते बघायला. लेक म्हणाली, "चांगला असेल तर?" मी म्हणाले, "चांगला होता हे कळेल." कपॅसिटर वजनावर पारखून घेतले, नकली हलके लागतात. ट्रान्झिस्टर आणि त्याची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या मधला अभ्रकाचा पापुद्रा उन्हात धरून त्यात चीर नाही ना ते पाहिलं. ट्रान्सफॉर्मर मात्र मुद्दाम बेताचाच निवडला. जास्त व्होल्ट दिले तर उरलेल्यांची उष्णता होते, ट्रान्झिस्टर तापतो, आणि एप्रिलमधल्या मांडवात तापलेल्या ट्रान्झिस्टरवर माझा विश्वास नव्हता.

इथे माझ्या दुकानाची एक पद्धत सांगायला हवी. गल्लीत दोन्ही बाजूंना लूम. त्यांच्या खटखटीत शेजारचा माणूस काय बोलतो ते त्याच्या ओठांवरून ओळखावं लागतं. अशा ठिकाणी एखाद्या यंत्राची बारीक गुणगुण ऐकू येणं शक्य नाही. शुक्रवारी लूम बंद असतात. म्हणून माझा नियम ठरलेला: कथिलाचे डाग द्यायचे कुठल्याही दिवशी, ऐकायचं शुक्रवारी. गल्लीतली शुक्रवारची शांतता अशी असते, की समोरच्या पत्र्यावरून मांजर चाललं तरी कळतं. त्या शांततेत मी कान स्पीकरच्या कागदाला लावून बसते. माझ्या सगळ्या यंत्रांनी आपली परीक्षा शुक्रवारी दिलेली आहे.

आत्याच्या डब्यानेही दिली. सिरीज दिवा लाल होऊन मावळला. मग थेट वीज दिली, आवाज पूर्ण वाढवला, कान लावला. काही नाही. स्पीकर बंद आहे की काय असं वाटून मी माइकवर नख वाजवलं, तर दचकले. पुढच्या शुक्रवारी डबा कशेळीला नेऊन आत्याच्या ओटीवर लावून पाहिला. तिथेही काही नाही. आत्या माइकला पुढून-मागून बघत म्हणाली, "यो जिता हाय का मेला?" मला फार बरं वाटलं.

नितेश दारात उभा होता. "मस्त झालाय, वनूआत्या," तो म्हणाला. मला त्याचं ते मस्त आवडलं नाही. एवढ्या मोठ्या साउंडचा मालक माझ्या डब्याला मस्त का म्हणेल?

हळदीचा दिवस बुधवारचा होता. खाडीवरून खारट वारा यायचा आणि गोडाऊनच्या तापलेल्या पत्र्यांवरून फिरून मांडवात शिरेपर्यंत त्याची वाफ व्हायची. मागे वड्यांचं तेल उकळत होतं. दारात कंटेनरची रांग अडकली होती, हॉर्न वाजत होते, आणि मांडवात कोपऱ्याकोपऱ्यात मोठे कूलर घरघरत होते. बायका उखळाभोवती बसल्या. पूर्वा पाटावर. आत्या तिच्या शेजारी, नवं हिरवं लुगडं नेसून, माइककडे विंचवाकडे बघावं तशी बघत. नितेशचे स्पीकर बंद होते, पण त्याच्या तारा माझ्या डब्याजवळून गेल्या होत्या. मी त्या पायाने लांब सरकवल्या.

मी डबा चालू केला आणि स्पीकरमधून गुणगुण आली.

बारीक नव्हती. भुंगा कानाशी यावा तशी, सरळ, एकसारखी. दोन शुक्रवार जो डबा मेल्यासारखा गप्प होता तो आज बोलत होता. माझ्या मनात एकच नाव आलं. मी नितेशला शोधलं, तर तो मांडवाच्या मेन बोर्डाकडे निघाला होता, लगबगीने. मी मनात म्हटलं, हाच. यानेच काहीतरी जोडलंय. गेल्या वर्षी हसं झालं ते याचं, आता माझंही व्हावं म्हणून.

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी आत्याकडे बघायची हिंमत केली नाही. ती आता उठेल, पदर सारखा करेल. मी डोळे मिटून घेतले.

आत्या खाकरली. आणि मग तिचा आवाज आला, खालून, त्या गुणगुणीच्या बरोबर वर येऊन बसलेला. इतक्या वर्षांत मी तिला असं गाताना ऐकलं नव्हतं. एरवी ती सूर शोधत सुरू करायची, दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला तिला तो सापडायचा. आज पहिल्या शब्दापासून आवाज जागच्या जागी होता. गणपती आला, गावदेवी आली. बायकांनी ओळ उचलली. माझे वडील आले. त्यांचं नाव तिने घेतलं तेव्हा मला रडू फुटलं आणि मी ते हळदीच्या हातांनी पुसलं.

आणि गुणगुण अचानक थांबली. मांडवातले कूलर बंद पडले होते. डबा पुन्हा शुक्रवारसारखा गप्प झाला, आणि आत्याही थांबली. अर्ध्या ओळीवर.

"बंद कशाला केलास?" ती मला म्हणाली, माइकमधूनच, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं. "मी तेला धरून चालले व्हते."

मेन बोर्डाकडून नितेश धावत आला, घामाने निथळत. "वनूआत्या, व्होल्टेज पडलेलं. मी कूलर काढले सगळे. गेली ना खरखर?"

"परत लाव," मी म्हणाले.

"काय?"

"कूलर परत लाव. सगळे."

मला वेड लागलं असावं तसा तो माझ्याकडे बघत राहिला, मग गेला. कूलर घरघरले, दिवे पिवळे पडले, डबा गुणगुणायला लागला, आणि आत्याने राहिलेली अर्धी ओळ पुरी केली. पूर्वाला हळद लागली.

नितेशवर मी घेतलेला संशय मी त्याला कधी सांगितला नाही. तो तसा चांगला पोरगा आहे. अधूनमधून तपासावा लागतो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुकानात मीटर लावून बसले आणि मला माझी चूक दिसली. रेग्युलेटरला वरून थोडी जास्तीची वीज लागते. टाकी नळाच्या वर असावी लागते, तसं. बेताचा ट्रान्सफॉर्मर घेऊन मी ती टाकी नळापेक्षा जेमतेम वर ठेवली होती. शुक्रवारी लूम बंद असतात, म्हणून सगळ्या तालुक्यात व्होल्टेज भरभरून येतं, आणि ते जेमतेम पुरतं. बाकीच्या दिवशी लूमच्या हजारो मोटारी वीज ओढतात, त्यात मांडवातल्या कूलरची भर पडली की टाकी नळाच्या खाली जाते, आणि मळकं पाणी तसंच पुढे येतं. मी प्रत्येक ट्रान्झिस्टरवर संशय घेतला, अभ्रकावर घेतला, सख्ख्या आत्याच्या नातवावर घेतला. शुक्रवारवर घेतला नाही. भिवंडीबाहेरच्या माणसाला ही चूक करताच आली नसती.

हे मी आत्याला समजावून सांगितलं. डबा शुक्रवारी गप्प का आणि बुधवारी बोलका का. मी म्हणाले, दुरुस्त करते, मोठा ट्रान्सफॉर्मर टाकते.

"हात लावू नको," ती म्हणाली. "जात्यावर शिकले मी. सासूच्या जात्यावर. खालना घरघर पायजे. तुमच्या माइकान सगला कसा मेल्यावानी गप. तेच्यान मना सूरच दिसत नाय."

"पण त्या वर्षी घर्रर्र आला तेव्हा तर तू उठून गेलीस."

"तो घर्रर्र कवा इकरं कवा तिकरं. यो सरल हाय."

बोलणं पटण्यासारखं होतं, आणि म्हणूनच मला शंका आली. आत्या मला सांभाळून घेत नव्हती कशावरून? भाचीने महिनाभर खपून डबा बनवला, तो भर मांडवात घरघरला, भाचीचं तोंड पांढरं पडलं. मग म्हातारीने काय करावं? उठून जावं, की त्या घरघरीलाच जातं म्हणावं? ती माझ्या वडिलांची बहीण. लहानपणी मी तिच्या हातची करपलेली भाकरी चांगली म्हणून खाल्ली होती, तेव्हा मीही तिला असंच सांभाळून घेतलं होतं. त्यानंतर मी रीतसर मोठा ट्रान्सफॉर्मर घालून दुसरा डबा बनवला, बुधवारी तपासून. तिने तो नेला नाही. जुनाच मागवते. तेही मला सांभाळण्यासाठीच असेल, असं मी धरून चालले होते. तिला सरळ विचारायचं धाडस झालं नाही. ती हो म्हणाली असती तर मला वाईट वाटलं असतं, नाही म्हणाली असती तर खरं वाटलं नसतं.

परवा, शुक्रवारी, गल्ली बंद होती. मी एका इन्व्हर्टरला कान लावून बसले होते, तेवढ्यात आत्याचा फोन आला. आता ती फार फिरत नाही, पण कशेळीत या मोसमात दोन मांडवांतून तिला बोलावणं आहे आणि ती जाणार आहे. जुना डबा तार तुटली म्हणून माझ्याकडेच आला होता.

"वने, जाला का डबा?"

"झाला. पोचवते उद्या."

"तेचा नाय इचारत." तिच्या आवाजात काळजी होती, खरीखुरी, वय झालेल्या माणसाची. "पाटलांची हलद शुक्रवारची हाय. शुक्रवारी यो गप असतो ना? तू बोललेलीस. मंग मी काय धरू? आता माजा सूर माज्यान ठरत नाय ग. सगल्यांसमोर गेला तं?"

इतकी वर्षं जे मी तपासलं नव्हतं ते तिनेच माझ्या हातात आणून ठेवलं होतं. सांभाळून घेणारं माणूस असं घाबरत नाही.

"थांब," मी म्हणाले. "फोन ठेवू नको."

मी डबा टेबलावर घेतला. त्याची पिन भिंतीत न लावता सिरीज दिव्याच्या पाटीत लावली, आणि नेहमीचा मोठा दिवा काढून लहान लावला. अर्धी वीज दिव्यानेच खाल्ली, टाकी नळाच्या खाली गेली. दिवा मावळला नाही, लालसर जळत राहिला, आणि बंद गल्लीच्या त्या शांततेत डबा हळूहळू गुणगुणायला लागला. मी फोन स्पीकरसमोर धरला.

"आयकू येतंय?"

पलीकडे आत्या खाकरली, आणि गणपतीला बोलवायला लागली.